दाताची कीड आणि निरेचं पाणी

आज आम्ही तुम्हाला दाताच्या किडीचा इतिहास सांगणार आहोत. काही जणी हसतील. इतिहास म्हटला की गड, तलवारी आणि राजे डोळ्यांपुढं येतात, दाताला कसला आलाय इतिहास? पण आहे. आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्याला लागू आहे.

आम्ही गावोगावच्या गटांच्या वह्या बघतो. अंतर्गत कर्ज कशासाठी घेतलं, या रकान्यात शेळी असते, शिलाई मशीन असतं, पोराची फी असते, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं. 'माझा दात' असं लिहिलेलं काही आमच्या नजरेस येत नाही. दात मात्र दुखतच असतात. बैठकीत कुणी गालात लवंग धरून बसलेली असते, कुणी भाकरी एकाच बाजूनं चावते, कुणी हसताना पदर तोंडाशी नेते. मग एक दिवस दाढ उपटून येते आणि म्हणते, "पिडा गेली बाई एकदाची." चाळिशी गाठायच्या आत चार-पाच दाढा गेलेल्या बाया आपल्या गटांत आहेत. विचारलं तर म्हणतात, कीड लागली होती.

आता ही 'कीड' म्हणजे काय? ज्वारीला लागते तशी? वांग्यात निघते तशी? आपल्या पूर्वजांना तसंच वाटत होतं, आणि ते काही एकटे नव्हते. सुश्रुतसंहितेत दाताच्या रोगांमध्ये 'कृमिदंतक' नावाचा रोग सांगितला आहे, म्हणजे कृमीनं खाल्लेला दात. तिकडं बाबिलोन नावाच्या प्राचीन देशात मातीच्या विटेवर कोरलेली एक कथा सापडली. त्यात एक अळी देवाकडं जाऊन म्हणते, मला खायला काय देतोस? देव तिला पिकलेली फळं देऊ करतो. ती म्हणते, फळं नकोत, मला दात आणि हिरडीच्या मध्ये राहू दे. चीन असो, युरोप असो, हजारो वर्षं जगभर लोक हेच समजत होते की दातात अळी शिरते आणि पोखरते. भोकच तसं दिसतं ना! किडक्या शेंगेला असतं तसं.

आपल्याकडं या अळीवरचा इलाजही ठरलेला होता. भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचं, वर भांडं पालथं घालायचं आणि नळीनं तो धूर दुखऱ्या दातावर घ्यायचा. लाळ पाण्यात सोडली की बारीक पांढऱ्या अळ्या तरंगताना दिसायच्या. आमच्या गटातल्या दोन आज्या शपथेवर सांगतात की त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यात. आम्ही त्यांना खोटं म्हणणार नाही. युरोपातही अगदी हाच प्रकार चालत असे, तिथं खुरासनी ओव्याचं बी वापरत. ते झाड आणि आपली रिंगणी दोन्ही वांग्याच्या कुळातली. पुढं तिथल्या जाणत्यांनी तपासलं तेव्हा कळलं की उष्णतेनं बी फुटून आतला कोंब बाहेर पडतो, तोच पाण्यात अळीसारखा दिसतो. म्हणजे अळ्या दातातल्या नव्हत्या, बियांतल्या होत्या. धुरानं थोडा वेळ बधिर वाटत असेल, आणि वर अळी पडलेली दिसली की माणसाला निम्मं बरं वाटतंच. १७२८ साली पिएर फोशार या फ्रान्समधल्या दंतवैद्यानं दातांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यानं सूक्ष्मदर्शकातून किडके दात पाहिले आणि लिहून ठेवलं की मला कुठं अळी दिसली नाही.

अळी नाही, मग काय आहे? याचा पहिला धागा फोशारच्याही आधी सापडला होता. हॉलंड देशात डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लीवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कॉलेजची पदवी नाही, लॅटिन येत नाही. पण भिंगं घासण्याचा त्याला भारी नाद. १६८३ साली, म्हणजे इकडं संभाजीराजांचं राज्य होतं तेव्हा, त्यानं स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा मळ काढला, पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. त्यात इवले इवले जीव वळवळताना दिसले. हा गडी रोज मिठानं दात घासायचा, काडीनं कोरायचा, कापडानं पुसायचा, तरीसुद्धा. मग त्यानं दोन बायकांच्या दातांचा मळ तपासला. त्या त्याची बायको आणि मुलगी असाव्यात असं अभ्यासक म्हणतात. एक म्हातारा गाठला, ज्यानं जन्मात दात घासले नव्हते. त्याच्या तोंडात तर जत्राच भरलेली. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यानं हे पत्रानं कळवलं. आपल्या सगळ्या देशात जेवढी माणसं आहेत त्यापेक्षा जास्त जीव एकेका तोंडात राहतात, असं त्याला वाटलं होतं.

लोकांनी नवल केलं आणि पुढची दोनशे वर्षं त्याचा दाताच्या किडीशी कुणी नीट संबंध जोडला नाही.

तो जोडला विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं, जर्मनीत बर्लिनला. क्षयरोगाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तो शिकला होता. मिलरचे प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात करता येतील इतके सोपे होते. उपटलेला दात घ्यायचा, लाळ घ्यायची, त्यात पाव किंवा साखर घालायची आणि उबेत ठेवायचं. काही दिवसांनी दात मऊ पडायचा, त्यातला चुना विरघळलेला. पावाऐवजी मांस किंवा चरबी घातली तर दाताला काही होत नसे. आणि लाळ आधी उकळून घेतली तर पाव घालूनही दात शाबूत. यावरून त्यानं ताडलं की लाळेत काहीतरी जिवंत आहे, ते पिठूळ-गोड पदार्थांचं आम्ल करतं आणि आम्लानं दात विरघळतो. दही लावणाऱ्या बाईला हे समजायला पुस्तक नको. दुधात विरजण पडलं की आंबतं, दूध उकळून तसंच झाकून ठेवलं तर लवकर आंबत नाही. १८९० साली मिलरचं तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. पण विरजण नेमकं कुठल्या जंतूचं, हे त्याला सांगता आलं नाही. त्याच्या मते बरेच जंतू मिळून ते काम करत होते.

नाव १९२४ साली मिळालं. जे. किलियन क्लार्क यांनी इंग्लंडमध्ये किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला. गोल दाण्यांची माळ असते तसे जंतू, म्हणून स्ट्रेप्टोकॉकस. पण परिस्थिती बदलली की हे दाणे गोलाचे लांबट व्हायचे. क्लार्कला वाटलं ही मूळ जातीपासून बदललेली जात असावी, म्हणून आडनाव दिलं म्युटन्स. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. नाव जड आहे, आपण आज त्याला नुसतं म्युटन्स म्हणू.

आणि गंमत बघा, नाव मिळाल्यावरही त्याला कुणी विचारलं नाही. दातांच्या डॉक्टरांचा संशय तेव्हा दुसऱ्याच जंतूवर होता. क्लार्कचा लेख तीस-पस्तीस वर्षं धूळ खात पडला. मग १९५४ मध्ये अमेरिकेत पूर्ण निर्जंतुक पेटीत उंदीर वाढवले. त्यांना गोडधोड खायला घातलं, तरी एकाचाही दात किडला नाही. म्हणजे नुसत्या साखरेनं दात किडत नाही, जंतू लागतो. १९६० मध्ये पॉल कीज यांनी उंदरासारख्या हॅम्स्टर नावाच्या प्राण्यांवर पुढचं दाखवलं. निरोगी दातांची पिल्लं किडक्या दातांच्या सोबत्यांच्या पिंजऱ्यात ठेवली की त्यांचेही दात किडायचे. आईला औषध देऊन तिच्या तोंडातले जंतू मारले तर तिच्या पिल्लांचे दात चांगले राहायचे. कीज आणि रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी ते जंतू वेगळे काढले, आणि पुढच्या काही वर्षांत लक्षात आलं की अरे, हा तर क्लार्कचाच जुना गडी! २००२ मध्ये त्याची सगळी जनुकं वाचून झाली.

आता हा करतो काय ते नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

तोंडात शेकडो जातींचे जंतू असतात आणि बहुतेक आपल्या वाट्याला जात नाहीत. म्युटन्सला राहायला कठीण जागा लागते, म्हणजे दात. बाळाला दात आल्यावरच त्याचं बस्तान बसतं. त्याची खरी कला साखरेत आहे. उसाची साखर म्हणजे दोन साध्या साखरांची जोडी. म्युटन्स ती जोडी फोडतो. एक भाग तो स्वतःच्या पोटाला घेतो, आणि दुसऱ्या भागाचे धागे विणून दातावर चिकट थर देतो. चिकीचा पाक ताटाला कसा धरतो, तसा हा थर दाताला धरतो. त्यात तो स्वतः राहतो आणि इतर जंतूंनाही ठेवून घेतो. नुसती चूळ भरून हा थर निघत नाही. दुधातल्या साखरेपासून त्याला हा डिंक करता येत नाही, भाकरीच्या पिठापासूनही नाही. त्यासाठी उसाचीच साखर लागते. बीटापासून केलेली साखर असली तरी चालते, कारण ती साखर तीच असते. आणि गूळही तीच साखर आहे बरं का. गुळात लोह असेल, चव असेल, पण म्युटन्सला गूळ आणि साखर यांत काही फरक वाटत नाही.

दुसरं काम आम्ल करण्याचं. माती परीक्षणाच्या कार्डावर 'सामू' लिहिलेला असतो, तो आपल्या शेतकरी मैत्रिणींना माहीत आहे. सात म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल. तोंडाचा सामू साताच्या आसपास असतो. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावरच्या थरात तो खाली उतरतो. साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. इतक्या आम्लात बाकीचे बरेच जंतू मान टाकतात, म्युटन्स मात्र काम चालूच ठेवतो. वर थोडी शिदोरीही साठवून ठेवतो, खाणं नसताना वापरायला.

पण आपली लाळ गप्प बसत नाही. अर्ध्या-पाऊण तासात ती आम्ल धुऊन काढते आणि सुटलेलं कॅल्शियम परत दाताला लावते. म्हणजे रोज दातावर उसवण आणि शिवण दोन्ही चालू असतं. शिवायला वेळ मिळाला तर दात टिकतो. दर तासाला पुन्हा उसवलं तर एक दिवस भोक पडतं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला म्हणूनच महत्त्व आहे.

आता आपल्या मातीत येऊ. बारामतीहून दौंडकडं आणि भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेलं की घोड नदीच्या काठी इनामगाव लागतं. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. मातीची घरं, जव आणि गहू, डाळी, गुरं, आणि ऐका, पूर आणि पाणी वळवण्यासाठी खणलेला एक पाटसुद्धा. घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली. त्यांत लेकरं फार. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांच्यात लेकरू ठेवलेलं. त्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास पुण्याचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी वर्षानुवर्षं केला. किडलेले दात त्या काळातही होते. साखर नव्हती, कारखाना नव्हता, तरी पीठ शिजवून खाणं आलं तशी कीडही आली. म्युटन्सच्या जनुकांवरून शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तर साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, शेती सुरू झाली त्या सुमारास, याची बिरादरी वाढायला लागली असं निघालं. माणूस शेतकरी झाला आणि हा त्याच्या दारचा वाटेकरी झाला.

पण वाटेकरी गरीबच होता. त्याला श्रीमंत केलं साखरेनं. युरोपात जुन्या सांगाड्यांच्या दातांवरचा दगडी मळ खरवडून त्यातल्या जंतूंचा माग काढला, तर कारखान्यांच्या युगात, मैदा आणि साखर स्वस्त झाली तेव्हा, म्युटन्सचा जोर एकदम वाढलेला दिसला.

साखर तशी आपलीच. शर्करा हा शब्द इथूनच जगभर गेला, खांड शब्दाचं इंग्रजांनी कँडी केलं. पण आपल्या पणजीच्या घरात ती रोजची नव्हती. सणाला गूळ, पाहुण्याला गूळपाणी, लग्नात साखर. बारामती-इंदापूर हा मुळात बाजरी-ज्वारीचा दुष्काळी भाग. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ इथल्या लोकांनी भोगला. त्याच काळात निरेच्या डाव्या कालव्याची आखणी पुढं आली, १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागलं, आणि वर भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण झालं. पाणी आलं तसा ऊस आला. सासवडचे माळी इकडं खंडानं जमिनी घेऊन ऊस लावू लागले, गुऱ्हाळं लागली. काहिलीवर गूळ उकळायला लागला की वासानं सगळी पोरं गोळा. काकवी, गरम गूळ, रसाचा तांब्या. १९३२ मध्ये सरकारनं परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा कारखाना उभा राहिला, ते गावच वालचंदनगर झालं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर हे सहकारी कारखाने आले. दिवाळीला सभासदाच्या घरी पोत्यानं साखर यायला लागली.

आम्ही उसाला नावं ठेवायला बसलेलो नाही. आपल्यातल्या कित्येकींच्या शाळेची फी उसाच्या बिलातून भरली गेली. कालव्यावरची गावं आणि सुप्याकडचा जिरायती पट्टा यांतला फरक आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. पण घरात पैसा आला तशी साखर आली, ही गोष्ट कारखान्याच्या इतिहासात कुणी लिहीत नाही.

साखरेच्या जोडीला आला चहा. १९३० च्या दशकात चहाचा देशभर जोरात प्रचार झाला, बाजारात आणि जत्रेत फुकट चहा पाजून लोकांना सवय लावली. आज बघा, उठल्यावर चहा, खुरपायला जाताना चहा, बांधावर चहा, कुणी आलं की चहा, बैठकीला चहा. प्रत्येक कपात दोन चमचे. बाकी काही नसलं तरी चालेल पण चहा गोड पाहिजे, नाहीतर पाहुणी म्हणते कंजूष आहेत. दिवसातून सात-आठ वेळा आपण म्युटन्सला जेवायला वाढतो आणि लाळेला शिवायला वेळच ठेवत नाही.

'किती वेळा' हे महत्त्वाचं आहे, हे ज्या प्रयोगातून पक्कं झालं तो ऐकून आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या होत्या. स्वीडन देशात लुंडजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. तिथं बुद्धीनं अधू माणसं ठेवलेली. १९४५ पासून पुढं काही वर्षं त्यांच्यावर साखरेचे प्रयोग केले. काहींना जेवणाबरोबर गोड दिलं, काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या. टॉफीवाल्यांचे दात भराभर किडले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे त्या मानानं कमी. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांना नाही म्हणताही येत नव्हतं. स्वीडनमध्ये आज या प्रयोगाची लाज मानतात. तिथल्या लेकरांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी द्यायची पद्धत त्यातूनच रुजली. ज्यांच्या दातांवर हे ज्ञान मिळालं त्यांचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.

आता बायांचंच का जास्त? इनामगावच्या दातांचा अभ्यास करणारे तेच लुकाच. त्यांनी भारतातल्या आणि जगभरच्या जुन्या वस्त्यांचे दात ताडून पाहिले, तर बहुतेक ठिकाणी बायांचे दात पुरुषांपेक्षा जास्त किडलेले. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की शेती आली, एका जागी राहणं आलं, बाळंतपणं वाढली आणि हा फरकही वाढला. गरोदरपणात शरीरातले स्राव बदलतात, लाळ बदलते, थोडं थोडं खाणं होतं. शिवाय रांधणाऱ्या बाईचं चाखणंही चालूच असतं.

आपल्याकडं म्हणतात, पोटातलं लेकरू आईच्या दातातलं कॅल्शियम ओढतं, एका लेकरामागं एक दात जातो. हे खरं नाही. पक्क्या दातातलं कॅल्शियम असं बाळाकडं जात नाही. दिवस राहिल्यावर ओकाऱ्या होतात, पोटातलं आम्ल दाताला लागतं. हिरड्या सुजतात, रक्त येतं म्हणून बाई दात घासायचं सोडते. आंबट-गोड सारखं खावंसं वाटतं. दात जातो तो यानं. आणि दिवस असताना दाताला हात लावू नये, हेही घरातल्यांनी ठरवलेलं. डॉक्टरांना गरोदर असल्याचं सांगून दातात सिमेंट भरून घेता येतं. मधले महिने त्यासाठी सोयीचे. दुखणं नऊ महिने दाबून धरायची गरज नाही.

दात दुखला की आपल्याकडं बाईचा हात जातो मिसरीकडं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, तिची पूड. मिसरी बायांमध्ये एवढी का पसरली? पुरुषांना विडी, चिलीम, पान उघड चालायचं, बाईला नाही. दात घासायच्या निमित्तानं चालायचं. थोडी गुंगी, दुखण्याला उतार, पहाटे मोरीपाशी पाच मिनिटं एकटीला मिळायची. ते आम्हाला कळतं. पण मिसरी जंतूला मारत नाही, हिरडी मात्र खाली सरकवते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका आणते. मुंबईतल्या गरोदर बायांचा २००४ मध्ये छापून आलेला अभ्यास सांगतो की तोंडात तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन कमी भरलं, आणि त्यांच्यात मिसरीवाल्याच जास्त होत्या. वीस वर्षांची सवय एका भाषणानं सुटत नाही, हेही आम्ही जाणतो. वडगावाकडच्या एका गटानं सात जणींनी मिळून सोडायची ठरवली. तिघींची सुटली, चौघींची चालू आहे. तिघीही काही थोड्या नाहीत.

मिसरीच्या आधी दातवण होतं. हिराकस वगैरे घालून केलेली काळी पूड, लग्न झालेल्या बाया दात काळे करायला लावायच्या. काळे दात म्हणजे सवाष्णीचं लक्षण. पांढरे दात चांगले, हे अलीकडचंच.

शेवटी लेकरांचं. म्युटन्स बाळ जन्माला घेऊन येत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पेज कॉफील्ड यांच्या अभ्यासात दिसलं की बहुतेक लेकरांत तो दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतो, आणि पुष्कळदा आईच्याच तोंडातला. त्याच चमच्यानं चाखून भरवणं, घास चावून देणं, यातून. पुढच्या अभ्यासांत बाप, भावंडं, इतर पोरं यांच्याकडूनही येतो असं दिसलं. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण अशी माहिती घरात गेली की लगेच सुनेच्या माथी मारली जाते. "तुझ्यामुळंच पोराचे दात किडले." सासूबाईंनो, घास चावून तुम्हीही भरवला होता! यातून घ्यायचं ते एवढंच की आईचे दात नीट केले तर लेकराकडं जंतू कमी जातात. कीज यांच्या पिंजऱ्यातही तेच दिसलं होतं. म्हणजे आईच्या दातावर केलेला खर्च लेकराच्याही कामी येतो.

रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं टाळावं, झोपेत लाळ कमी सुटते. कोप्यांवर राहणाऱ्या बीडकडच्या मैत्रिणींची लेकरं आई-बाप फडात असताना उसाचं कांडं चोखत बसतात. तिथं आपण काय शहाणपण शिकवणार? शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. ती लेकरं त्या दिवशी हजर राहतील एवढं आपल्याला करता येईल. मोठ्यांनी रात्री झोपताना ब्रश करावा, सकाळी करतोच. फ्लोराइडची साधी टूथपेस्ट पुरते, महागडी नको. दातावर पांढरट-तपकिरी डाग दिसला तेव्हाच सरकारी दवाखान्यात दाखवलं तर सिमेंटवर भागतं. कळ मारायला लागेपर्यंत थांबलं तर मुळापर्यंत जातं, आणि मग उपटणंच परवडतं.

पुढच्या भागासाठी आम्हाला तुमची मदत हवी आहे. दातवण घरी कसं बनवायचे, त्यात काय काय घालायचे, ते कोण लावायचं आणि कधी बंद झालं, हे ज्या आज्यांना आठवत असेल त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या. रिंगणीचा धूर कुणी द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे की शेर-मापटं धान्य, तेही विचारा. चिठ्ठी गटाच्या सचिवांकडं द्या, महिन्याच्या बैठकीत आम्ही गोळा करू.